आयुर्वेद आणि योगाचे पहिले तीन महिने: सुरुवात कुठून करायची

पहिल्यांदा वैद्यांकडे गेले ती पाठदुखी घेऊन. त्यांनी पहिली दहा मिनिटं पाठीचं नावही काढलं नाही. भूक कडकडून लागते की घड्याळ बघून जेवता? पोट आपसूक साफ होतं की जोर करावा लागतो? रात्रीचं जेवण आणि झोप यांत किती अंतर? तहान कशी? घाम? पाळी? प्रत्येक प्रश्नाला मी "तसं ठीक असतं" एवढंच म्हणत राहिले. शेवटी त्यांनी पेन खाली ठेवलं. "ताई, पंधरा दिवस स्वतःकडे बघा आणि मग या. तोवर औषध देऊन काय करू?"

तेव्हा थोडा रागच आला होता. पण त्या पंधरा दिवसांत माझ्याबद्दल मला जे कळलं, ते त्याआधीच्या पंधरा वर्षांत कळलं नव्हतं. म्हणून आता कुणी "आयुर्वेद सुरू करायचाय, काय घेऊ?" असं विचारलं की मी आधी एक वही घ्यायला सांगते. मी वैद्य नाही. अनेक वर्षं रुग्ण म्हणून आणि योगवर्गातली विद्यार्थिनी म्हणून जे शिकले, ते नव्यानं येणाऱ्याला उपयोगी पडेल अशा क्रमानं इथं मांडते आहे.

आधी निदान

वहीच्याही आधी एक काम आहे. त्रास नेमका कशाचा आहे, हे आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडून तपासून घ्या. पाठ दुखण्यामागे स्नायू असू शकतो, मणका असू शकतो, मूत्रपिंडही असू शकतं. थकव्यामागे थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर, बी-१२ यांतलं काहीही असू शकतं. एक साधी रक्ततपासणी पुढचे कितीतरी महिने वाचवते. छातीत दुखणं, अचानक हातापायातली ताकद जाणं, बोलणं अडखळणं, शौचातून रक्त, कारण नसताना वजन उतरणं, स्तनात किंवा इतरत्र गाठ, जीव नकोसा वाटणं, यांपैकी काही असेल तर तेल, काढा, प्राणायाम सगळं बाजूला ठेवून आधी रुग्णालय गाठा.

आणि रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड, फिट्स, हृदय किंवा मनाच्या आजाराची गोळी चालू असेल तर ती स्वतःच्या मनानं बंद करू नका. चांगला वैद्य ती बंद करायला सांगतही नाही. तब्येत सुधारली तर डोस कमी करायचा की नाही, हे ज्यांनी गोळी दिली त्यांनी रिपोर्ट बघून ठरवायचं असतं.

पंधरा दिवसांची वही

शाळेची दोनशे पानी वही पुरते. रोज रात्री चार ओळी लिहायच्या: किती वाजता उठलो आणि उठल्यावर अंग हलकं होतं की जड, पोट कसं साफ झालं, प्रत्येक जेवणाआधी खरी भूक होती का, झोप किती वाजता लागली आणि मध्ये कितीदा मोडली. चहाचे कप मोजायचे. दात घासताना जिभेवर पांढरा थर दिसतो का, तेही टिपायचं. वैद्य त्यावरून पचनाचा अंदाज बांधतात. दुखणं शून्य ते दहा अशा आकड्यात लिहा, कारण "बरं वाटतंय" आणि "तसंच आहे" या शब्दांवर महिन्याभरानं भरवसा ठेवता येत नाही.

या पंधरा दिवसांत काही बदलू नका. फक्त लिहा. माझ्या वहीत आठव्या दिवशी दिसलं की रात्री साडेनऊनंतर जेवलेल्या प्रत्येक दिवशी दुसऱ्या सकाळी पाठ जास्त आखडलेली होती. हे मला कुणी सांगितलं असतं तर मी मानलं नसतं. माझ्याच अक्षरात समोर होतं, म्हणून मानलं.

तेल: तळपायापासून

पहिला बदल म्हणून मी नेहमी पादाभ्यंग, म्हणजे तळपायांना तेल चोळणं, सुचवते. खर्च जवळजवळ नाही, शिकायला अवघड नाही, आणि झोपेवरचा परिणाम बहुतेकांना आठवड्याभरात जाणवतो. वाग्भटानं अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात दिनचर्या सांगताना रोज अभ्यंग करावा असं म्हटलंय आणि डोकं, कान, पाय या तीन जागी तो विशेष करावा असं सांगितलंय. सगळं अंग रोज माखणं नोकरी करणाऱ्याला जमत नाही. तळपाय जमतात.

रात्री झोपायच्या अर्धा तास आधी पाय कोमट पाण्यानं धुऊन, बोटांच्या बेचक्यांसकट कोरडे करा. वाटीत दोन चमचे तिळाचं तेल घ्या आणि ती वाटी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवा. तेल थेट गॅसवर तापवू नका. मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब लावून बघायचा, सुखद ऊब लागली पाहिजे, चटका नाही. जुन्या टॉवेलवर बसून एक पाय दुसऱ्या मांडीवर घ्या. आधी टाचेभोवती अंगठ्यानं गोल गोल, मग टाचेकडून बोटांकडे तळहाताच्या मनगटाकडच्या भागानं लांब दाब देत, मग प्रत्येक बोट मुळापासून टोकापर्यंत ओढत. तळव्याच्या मधल्या खळग्यात एखादी जागा दुखरी लागते. तिथं जोर करू नका, अंगठा तसाच टेकवून चार-पाच श्वास थांबा. ती जागा हळूहळू सैल होताना बोटाला कळतं. एका पायाला पाच-सात मिनिटं पुरेत. नंतर तेल पुसून जुने सुती मोजे घाला, नाहीतर फरशीवरून पाय घसरतो.

आपल्याकडे हेच काशाच्या वाटीनं करतात. आजी उन्हाळ्यात तळपायाला तूप लावायची आणि वाटीच्या बुडानं घासत राहायची. घासताना मंद, जाड असा आवाज यायचा आणि बघता बघता तळवा राखाडी-काळा व्हायचा. "उष्णता निघाली," असं घरात म्हणायचे. खरं तर काशात तांबं आणि कथील असतं. त्या धातूची तुपातल्या आम्लांशी प्रक्रिया होऊन तो काळा रंग येतो. तो शरीरातून बाहेर आलेला काही दोष नाही, आणि मशीनवर पाय घासून "बघा किती टॉक्सिन निघाले" असं कुणी दाखवलं तर भुलू नका. पण घासण्यानं, उबेनं, कुणीतरी आपला पाय मांडीवर घेऊन बसल्यानं जो आराम पडतो तो खराच असतो. त्यासाठी काळ्या रंगाची साक्ष लागत नाही.

ताप असताना अभ्यंग टाळावा. अपचन झालेलं असताना, सर्दी-कफ दाटलेला असताना तो टाळावा, हे वाग्भटही सांगतो. मधुमेहानं पायाची संवेदना कमी झाली असेल तर तेल गरम करूच नका आणि आधी तळव्यावर जखम, भेग, फोड नाही ना हे आरसा धरून बघा. एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल तर चोळू नका. शिरेत गुठळी असू शकते, डॉक्टरांना दाखवा.

श्वास आणि आसनं

तेल अंगवळणी पडलं की तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात योग सुरू करा. बहुतेक जण मोबाइलवर बघून कपालभातीपासून सुरुवात करतात. ती माझ्या मते चुकीची जागा आहे. रक्तदाब, हृदयविकार, हर्निया, गरोदरपण, पोटाची नुकती झालेली शस्त्रक्रिया यांत कपालभाती करत नाहीत, आणि निरोगी माणसानंही ती समोर बसलेल्या शिक्षकाकडूनच शिकावी.

शवासनापासून सुरुवात करा. पाठीवर झोपून गुडघ्यांखाली लोड किंवा गुंडाळलेली सतरंजी ठेवा. कंबर दुखणाऱ्याला त्यानं लगेच फरक पडतो. डोक्याखाली घडी घातलेली चादर, हात अंगापासून थोडे दूर, तळवे वर. एक हात काही वेळ पोटावर ठेवा आणि श्वासाबरोबर तो वर-खाली होतो का बघा. पहिल्या दिवशी अनेकांची छातीच हलते, पोट हलतच नाही. मुद्दाम फुगवू नका. श्वास सोडणं थोडं लांबवत न्या: घेताना मनात तीनपर्यंत मोजलं तर सोडताना पाचपर्यंत. दहा मिनिटं. डोळा लागला तरी चालेल, तुम्हाला झोपेची गरज होती.

आठवड्याभरानं त्यात भ्रामरी घाला. पाच-सहा आवर्तनं, ओठ मिटून, दात किंचित विलग, भुंग्यासारखा गुंजारव करत श्वास सोडायचा. नंतर अनुलोम-विलोम, म्हणजे आलटून-पालटून एकेका नाकपुडीनं श्वास, सुरुवातीचे काही महिने श्वास न रोखता. छाती भरून येणं, चक्कर, धडधड यांपैकी काही झालं तर थांबून साधा श्वास घ्या. आणि डोळे मिटून शांत बसल्यावर काहींना जुन्या आठवणींनी कासावीस व्हायला होतं. तसं झालं तर डोळे उघडे ठेवून करा किंवा नुसतं सावकाश चाला, आणि शिक्षकांना सांगा. सहन करत बसण्यात काही मोठेपणा नाही.

आसनांसाठी मात्र वर्ग लावा. महाराष्ट्रात राहणाऱ्याला या बाबतीत अंगणातच गंगा आहे. स्वामी कुवलयानंदांनी, म्हणजे पूर्वाश्रमीच्या जगन्नाथ गणेश गुणे यांनी, १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केलं. उड्डियान (पोट आत ओढून धरणं) आणि नौली (पोटाचे स्नायू फिरवणं) यांच्या वेळी पोटात नेमकं काय होतं, हे त्यांनी क्ष-किरणांनी आणि दाब मोजून तपासलं आणि त्याच वर्षी सुरू केलेल्या 'योगमीमांसा' या नियतकालिकात छापलं. सांताक्रूझच्या द योगा इन्स्टिट्यूटची परंपरा तर १९१८ पर्यंत मागे जाते. पुण्यात बी. के. एस. अय्यंगारांची संस्था १९७५ पासून आहे. पट्टे, ठोकळे, लोड, खुर्ची, भिंतीवरचे दोर यांच्या आधारानं ताठर अंगाच्या किंवा आजारी माणसालाही आसनात सुखानं थांबता यावं, ही अय्यंगारांची मोठी देणगी. आता गावोगावी या परंपरांत शिकलेले शिक्षक भेटतात. वर्ग बघायला जा तेव्हा एकच गोष्ट पाहा: शिक्षक नव्या माणसाला आधी त्याचे आजार विचारतात का? न विचारता सर्वांगासन घालायला लावणाऱ्या वर्गातून परत या.

वैद्य शोधणं आणि पहिली भेट

बी.ए.एम.एस. ही आयुर्वेदाची साडेपाच वर्षांची पदवी आहे, त्यात एक वर्षाची इंटर्नशिप येते. महाराष्ट्रात प्रॅक्टिस करणाऱ्या वैद्याची नोंदणी महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे असते आणि नोंदणी क्रमांक विचारायला संकोच वाटायचं कारण नाही. चार महिन्यांच्या कोर्सवाले "आयुर्वेदाचार्य", जत्रेतले तंबूवाले, "नाडीवरून सगळे आजार सांगतो" असं म्हणणारे, यांच्यापासून लांब राहा. पैशांची अडचण असेल तर आयुर्वेद महाविद्यालयांच्या रुग्णालयांत जा: पुण्यात ताराचंद, मुंबईत वरळीचं पोदार, नागपूर, नांदेड, धाराशिवची शासकीय महाविद्यालयं, गोव्यात शिरोड्याचं गोमंतक आयुर्वेद महाविद्यालय. रांग लागते, पण तिथं विद्यार्थी सविस्तर इतिहास लिहून घेतात आणि वरिष्ठ तपासतात. नव्या माणसाला हे फार शिकवून जातं.

जाताना वही, सगळे रिपोर्ट आणि चालू असलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या न्या. नाव आठवत नाही, "ती पांढरी छोटी गोळी," असं सांगून चालत नाही.

दर्शन, स्पर्शन, प्रश्न अशी तपासणीची जुनी पद्धत आहे. वैद्य चालणं, त्वचा, डोळे, जीभ बघतात, पोट चाचपतात आणि मग विचारत राहतात. मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला तीन बोटं ठेवून नाडी बघतात तेव्हा बोलायचं नसतं. जेवून लगेच किंवा जिने चढून धापा टाकत गेलात तर थोडं बसून घ्या. नाडीभोवती आपल्याकडे खूप गूढ वलय आहे. चरक-सुश्रुतांच्या ग्रंथांत आजच्यासारखी नाडीपरीक्षा नाही, ती नंतरच्या शार्ङ्गधर संहितेत ठळकपणे येते. मला भेटलेल्या उत्तम वैद्यांपैकी एकानंही नुसत्या नाडीवर औषध दिलं नाही. त्यांनी प्रश्न विचारले, भरपूर विचारले.

निघण्यापूर्वी तुम्हीही चार गोष्टी विचारा. औषधाचं नाव काय आणि त्यात भस्म (धातू-खनिजं भाजून केलेली पूड) किंवा पारा-गंधकापासून केलेलं काही आहे का? किती दिवसांत काय फरक अपेक्षित आहे? काय झालं तर औषध थांबवायचं? माझ्या चालू गोळ्यांबरोबर हे चालतं का? नाव न लिहिलेल्या पुड्या देऊन "विश्वास ठेवा" म्हणणाऱ्याकडून औषध घेऊ नका. मी एकदा घेतलं होतं. सहा आठवडे बिननावाची पूड, आणि अंगावर पित्त उठलं तेव्हा त्वचेच्या डॉक्टरांना सांगायला माझ्याकडे एक शब्द नव्हता.

औषध घरी आल्यावर

आयुर्वेदात औषधाइतकीच त्याची वेळ आणि अनुपान, म्हणजे ते कशाबरोबर घ्यायचं, हे महत्त्वाचं. जेवणाआधी, जेवणाच्या मध्ये, जेवणानंतर, झोपताना, या वेळांना कारणं असतात. कोमट पाणी, तूप, मध यांपैकी कशाबरोबर घ्यायचं हे चिठ्ठीवर लिहून घ्या. काढ्याची भरड मिळाली तर साधारणपणे एक चमचा भरड दोन कप पाण्यात घालून, झाकण न ठेवता, मंद आचेवर अर्धा कप होईतो आटवायची आणि गाळून कोमट प्यायची. वैद्यांनी वेगळं प्रमाण सांगितलं तर तेच. रोज ताजा करायचा, फ्रिजमध्ये ठेवून आठवडाभर पुरवायचा नाही.

"जडीबुटी आहे, अपाय होणार नाही," हे वाक्य मनातून काढून टाका. ज्यात गुण आहे त्यात अवगुणही असू शकतो. ज्येष्ठमध जास्त दिवस, जास्त प्रमाणात घेतलं तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम उतरतं. अश्वगंधा थायरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी न विचारता घेऊ नये. कोविडच्या काळात घरोघर गुळवेल सुरू झाली तेव्हा मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी ती घेतलेल्या ६ रुग्णांत यकृताला इजा झाल्याचं २०२१ मध्ये प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयानं त्यावर आक्षेप घेतला, वनस्पतीची ओळख नीट पटवली नव्हती असं म्हटलं. वाद काहीही असो, आपण घ्यायचा बोध सरळ आहे: कुंपणावरची वेल तोडून रोज रिकाम्या पोटी रस पिऊ नका. डोळे किंवा लघवी पिवळी दिसली, खूप मळमळलं, अंगाला खाज सुटली तर औषध बंद करून यकृताची तपासणी करा.

आसव-अरिष्टांत, म्हणजे आंबवून केलेल्या पातळ औषधांत, किण्वनातून आपोआप तयार झालेलं अल्कोहोल असतं आणि गूळ-साखरही असते. मधुमेह्यांनी, यकृताचा आजार असलेल्यांनी, दारू सोडलेल्यांनी वैद्यांना आधी सांगावं. बाटली घेताना परवाना क्रमांक, बॅच, घटक आणि मुदत बघा. भस्मं आणि रसौषधी (पारा वापरून केलेली औषधं) तर वैद्यांच्या देखरेखीशिवाय घेऊच नयेत. २००८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इंटरनेटवरून विकत घेतलेल्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांपैकी साधारण एक पंचमांश उत्पादनांत शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. परदेशात राहणारे आपले लोक ऑनलाइन मागवतात किंवा इथून बॅगेत भरून नेतात, त्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

पंचकर्माची घाई नको

वमन (उलटी करवणं), विरेचन (जुलाब देणं), बस्ती (औषधी एनिमा), नस्य (नाकात औषध घालणं), रक्तमोक्षण (रक्त काढणं) ही पाच कर्मं. रिसॉर्टमध्ये शनिवार-रविवारच्या पॅकेजात मिळतो तो मसाज आणि वाफ. त्यानं अंग मोकळं होतं, त्याचा आनंद जरूर घ्या, पण त्याला पंचकर्म म्हणू नका. विरेचनाचंच घ्या. आधी तीन ते सात दिवस सकाळी वाढत्या मात्रेत औषधी तूप, मग अभ्यंग आणि स्वेदन (शेक देऊन घाम आणणं), मग प्रत्यक्ष विरेचनाचा दिवस, आणि त्यानंतर संसर्जन क्रम: आधी पातळ पेज, मग दाट पेज, मग मुगाचं कढण, मग मऊ भात, असं पायरी-पायरीनं नेहमीच्या जेवणावर येणं. जुलाब झालेल्या दुसऱ्याच दिवशी मिसळ खाल्ली तर केलेलं सगळं वाया जातं. सुट्टी, घरी करून घालणारं माणूस आणि अनुभवी वैद्य, ही तिन्ही जमत असतील तेव्हाच ठरवा. वमन वसंतात, बस्ती पावसाळ्यात, विरेचन शरदात, असा ऋतूंचा हिशेबही असतो. पहिल्या तीन महिन्यांत याची गरज सहसा पडत नाही.

तिसऱ्या महिन्याच्या शेवटी

पहिली पंधरा दिवसांची पानं आणि आत्ताची पंधरा दिवसांची पानं शेजारी ठेवून वाचा. झोप किती वेळा मोडायची, आता किती वेळा? दुखण्याचा आकडा सातावरून चारावर आला की सातच आहे? मधुमेह, थायरॉइड, रक्तदाब असेल तर तपासण्या पुन्हा करून आकडे वहीत चिकटवा. माझ्या पाठीचा आकडा तिसऱ्या महिन्यात सातावरून तीनवर आला होता. त्यात औषधाचा वाटा किती, साडेसातला जेवायला लागल्याचा किती आणि तळपायाच्या तेलाचा किती, हे मला वेगळं काढता येत नाही. वैद्यांनाही आलं नाही, आणि त्यांनी तसा दावाही केला नाही.

वहीत काहीच हललं नसेल तर वैद्यांना तसं स्पष्ट सांगा. ते निदान पुन्हा तपासतील, औषध बदलतील किंवा दुसरीकडे पाठवतील. चिडले, किंवा तुमच्याच पथ्यावर खापर फोडून तेच औषध आणखी सहा महिने द्यायला लागले, तर वही उचला आणि दुसऱ्या वैद्यांकडे जा. त्यांच्यापुढे ठेवायला तुमच्याकडे आता तीन महिन्यांच्या नोंदी आहेत.